खांद्यावरची चार बोटं

"जोड दिसता कामा नये, आक्का. जमेल ना?"

आक्का खळ गाळत होत्या. पातेल्याला जुन्या धोतराचं फडकं बांधलेलं, वरून मैद्याची ऊन खळ ओतायची आणि गुठळी अडली की बोटानं दाबायची.

"आक्का, मी काय विचारलं..."

"ऐकलं. गुठळी हाय. थांब."

सारंग फडतरे थांबला. पुण्यामुंबईत लोक त्याच्यासाठी थांबायचे, पण मिरजेत सतारी करणाऱ्यांच्या गल्लीमागच्या या पत्र्याच्या खोलीत थांबायची सवय त्याला होती. सहा वर्षांपूर्वी तो इथं शिकायला आला होता. आठ महिने त्यानं नुसती खळ ढवळली आणि नवव्या महिन्यात पळाला.

पळाला तो थेट नावारूपाला आला. जुन्या फोटोंचे तुकडे, लुगड्यांच्या चिंध्या, गंजके पत्रे यांची त्याची भली मोठी कोलाजं गाजली. त्याहून जास्त गाजला त्याचा बाणा. सारंग फडतरे फोटोची प्रत वापरत नाही, मूळ फोटोलाच कात्री लावतो. त्याशिवाय चित्रात जीव येत नाही, असं तो मुलाखतींत सांगायचा आणि ऐकणारे माना डोलवायचे. प्रत्येक चित्राच्या उजव्या कोपऱ्यात त्याची लाल रंगातली वीतभर सही असायची.

आज त्याच्या हातात एक पाकीट होतं, आणि पाकिटात त्या बाण्याचं फळ होतं.

आक्कांनी हात धुतले, पदराला पुसले.

"दाव."

त्यानं दोन तुकडे टेबलावर ठेवले.

पन्नासेक वर्षांपूर्वीचा, जत्रेतल्या तंबूत काढलेला फोटो. पुठ्ठ्याच्या विमानात पुढं फेटेवाला तरणा गडी, मागं त्याची बायको. म्हणजे फोटो अखंड होता तेव्हा तसं होतं. आता गडी एका तुकड्यावर होता आणि बायको दुसऱ्या. गड्याच्या पाठीचा कागद सोलून निघालेला, आणि डाव्या खांद्याला चार बोटांच्या आकाराची खाच. बायकोचा हात मनगटापाशी संपला होता.

"कुणाचा?"

"अनसूयाबाई म्हणून एक आजी आहेत, तासगावच्या बाजूला. त्यांचा नवरा. जाऊन बत्तीस वर्षं झाली."

"आनि फोटो?"

"त्यांचा हा एकच आहे."

सारंग घाईघाईनं सांगत सुटला. त्याच्या नव्या प्रदर्शनातलं मधलं चित्र, 'एकाकी उड्डाण'. चिंध्यांचं आकाश आणि त्यात विमानातून एकटा निघालेला हा माणूस. त्या चेहऱ्यावर कसलं तरी कोंडलेलं दुःख होतं, ते त्याला पहिल्या नजरेत दिसलं. म्हणून मागची बाई त्यानं कापून फाइलमध्ये ठेवली. तिची बोटं गड्याच्या खांद्यावर राहिली होती, ती ब्लेडनं काढून टाकली.

"एकटा माणूस हवा होता ना. मग दुसऱ्याची बोटं कशाला?"

"बोटं कुठायत?"

"कचऱ्यात गेली असतील... फोटो परत देईन असं मी बोललो होतो खरं. पण त्या मागतील असं वाटलं नव्हतं. मी रीतसर संमतीपत्र घेतलंय, आक्का. त्यांचा अंगठा आहे माझ्याकडं."

"मग आता का मागत्यात?"

"शुक्रवारी नातवाची हळद आहे. त्यांच्यात आजोबाचा फोटो पाटावर मांडतात, पहिली हळद त्याला लावतात. आज मंगळवार." त्याचा आवाज उतरला. "चित्रातून सोडवायला गेलो तर पाठीमागून फाटला. मी तो परदेशी डिंक वापरतो. शंभर वर्षं सुटत नाही."

"चांगला हाय मग," आक्का म्हणाल्या.

आता या आक्का कोण, आणि हा नामवंत माणूस त्यांच्यापुढं असा का बसला होता, ते सांगायला हवं.

आक्का म्हणजे दमयंती सुतार, वय वर्षं चौऱ्याहत्तर. वडील फोटोंना चौकटी करायचे, त्यामुळं काच आणि पुठ्ठा कापायला त्या परकरात असतानाच शिकल्या. एकोणिसाव्या वर्षी गावातल्या एका फोटो स्टुडिओत लागल्या त्या जोडफोटो करायला.

जोडफोटो म्हणजे काय ते हल्लीच्या पोरांना सांगावं लागतं. नवराबायको जन्मभर एका घरात राहायचे, पण एका फोटोत कधी बसायचे नाहीत. मग दोघांतलं एक गेलं की मागं राहिलेलं स्टुडिओत यायचं, हातात कुठल्याशा कार्डावरचा बारका फोटो घेऊन. यांना माझ्या शेजारी बसवा म्हणायचं. आक्का बसवायच्या. अशा बसवायच्या की दोघांच्या सावल्या एकाच बाजूला पडायच्या. एका बारशाच्या फोटोत त्यांनी गैरहजर बाप असा घातला, की ते पोरगं मिसरूड फुटेपर्यंत बाप बारशाला होता असंच धरून चाललं. भिंग लावूनही आक्कांचा जोड कुणाला सापडला नाही.

तीस वर्षं हे केलं. मग कॉम्प्युटर आले आणि स्टुडिओ मिटला. मालक म्हणाला, हवं ते घेऊन जा. आक्कांनी कॅमेरा नेला नाही की दिवे नेले नाहीत. लोकांनी हौसेनं काढले आणि न्यायला कधी आलेच नाहीत, असे चार पोती फोटो तेवढे घरी आणले. बाईच्या डोक्यावर परिणाम झाला, असं घरच्यांनी ठरवून टाकलं.

त्या चार पोत्यांतून 'पंगत' उभी राहिली. बारा फुटी प्लायवूडवर दोनशे अकरा अनोळखी माणसं ओळीनं जेवायला बसलेली. पत्रावळी दोऱ्यानं शिवलेल्या, वाट्या सतारीच्या नक्षीतून उरलेल्या सेल्युलॉइडच्या, आणि प्रत्येकाच्या कपाळाला लग्नपत्रिकेतलं खरं कुंकू. पहिल्यांदा ती शाळेच्या हॉलमध्ये मांडली तेव्हा एक बाई चित्रासमोर उभी राहिली ती हलेचना. तिसऱ्या ओळीत तिचा भाऊ जेवत होता.

आक्कांनी ओलं फडकं आणलं. भावाच्या कडेकडेनं फिरवलं, थोडा वेळ थांबल्या आणि भाऊ अलगद उचलून बाईच्या हातात दिला.

तेव्हापासून ज्याला आपलं माणूस सापडेल त्यानं ते न्यावं, असा शिरस्ताच पडला. पंगत दिल्लीला गेली, समुद्रापार गेली, तिथंही एका मिरजकराला त्याचे गणिताचे मास्तर सापडले. आज तिच्यात चौतीस पानं रिकामी आहेत, आणि बघणारे लोक त्या रिकाम्या पानांपुढंच जास्त वेळ उभे राहतात. एका मोठ्या संग्रहालयानं ती कायमची मागितली होती. अट एकच, यापुढं कुणाला काढायचं नाही. आक्का म्हणाल्या, "मग ती पंगत कसली? जेवून उठायचंच न्हाई व्हय?"

म्हणून खळ. खळ पाण्यानं सुटते. ही एवढी गोष्ट सारंगला आठ महिने ढवळूनही कळली नव्हती. म्हातारी जरा हात आखडून वागते, एवढाच अर्थ त्यानं लावला होता.

"तुम्ही बारीक ब्रशनं चार बोटं रंगवाल," तो आता म्हणाला, "पाठीला नवा कागद लावाल, झालं. दुसऱ्या कुणाला हे येत नाही म्हणून तुमच्याकडं आलो. आजींना मोतीबिंदू आहे. त्यांना कळणारसुद्धा नाही."

आक्कांनी पातेलं बाजूला सारलं.

मग त्यांनी खणातून पेन्सिल काढली, कोरा कागद काढला आणि दोन्ही त्याच्यापुढं सरकवले.

"काढ."

"काय?"

"बोटं. तू बघितलीस न्हवं? मी कुठं बघितल्यात?"

सारंगचा हात चांगला होता. त्यानं झरझर खांदा काढला, त्यावर करंगळी काढली, शेजारचं बोट काढलं. तिथं पेन्सिल अडली.

"पसरलेली हुती का मिटलेली?"

"मिटलेली... बहुतेक."

"दाबून धरलं हुतं का नुसतं ठेवलं हुतं?"

त्यानं शेजारचं बोट खोडलं.

"अंगठी हुती? जोडवं ऱ्हाऊ दे, ते पायात असतंय. हातात काय हुतं?"

त्यानं करंगळीही खोडली.

"बरं, अंगठा कुठं हुता?"

"अंगठा फोटोत नव्हता. खांद्यामागं असणार."

"खांद्यामागं काय करत हुता?"

हा काय प्रश्न झाला, असं सारंगच्या ओठावर आलं होतं. पण तो बोलला नाही. चार महिने हा फोटो त्याच्या टेबलावर होता, गड्याच्या चेहऱ्यावर त्यानं दोन पानी टिपण लिहिलं होतं, आणि त्याच खांद्यावरची बोटं त्याला आठवत नव्हती. कापली मात्र त्यानंच होती, अगदी कडेनं, सफाईनं. त्याला स्वतःचीच लाज वाटली.

"मी काढीन," आक्का म्हणाल्या. "भिंगातनं दिसणार न्हाईत अशी काढीन. पर कुनाची काढू?"

"मग करू काय?"

"जिची हायत तिला इचार."

आणि त्या पुन्हा पातेल्याकडं वळल्या. खळीत चिमूटभर मोरचूद घातला, कसर लागू नये म्हणून, आणि ढवळत बसल्या.

बुधवारी सकाळी सारंग अनसूयाबाईंच्या दारात होता. अंगणात मांडवाचे बांबू येऊन पडले होते. बाई कट्ट्यावर बसून हळकुंडं निवडत होत्या. त्याला बघून त्यांचा चेहरा फुलला.

"आलास का बाबा. आनलास? मी म्हनलंच हुतं घरात, पोरगं शब्दाचं हाय."

हे ऐकल्यावर माणसानं काय करावं. येताना एसटीत त्यानं चार वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही आता तोंडातून येईना. त्यानं पाकीट उघडलं आणि दोन्ही तुकडे बाईंच्या मांडीवर ठेवले.

बाईंनी ते डोळ्यांजवळ नेले. एक नेला, मग दुसरा. मोतीबिंदू होता, पण बाई काही एवढ्या आंधळ्या नव्हत्या.

"माझी बोटं कुठायत?"

"मी कापली, आजी."

"का रं?"

"मला वाटलं... ते एकटे आहेत."

हळकुंडाच्या सुपावर माशी बसली, तीही बाईंनी हाकलली नाही.

"एकटं? त्ये कुठलं एकटं? बत्तीस वर्सं मी हाय एकटी."

सारंगनं मान खाली घातली. माफ करा म्हणावं, तर शब्द फार हलका वाटला. तरी तो तेच म्हणाला, कारण दुसरा शब्द त्याच्याकडं नव्हता. बाईंनी पदर तोंडाला लावला. थोड्या वेळानं पदर काढला तेव्हा त्या गड्याच्या तुकड्याकडंच बघत होत्या.

"असं का दिसत्यात म्हाइती हाय का? तोंड असं गच्च का मिटलंय?"

"मला वाटलं, दुःख आहे."

"दुःख." बाईंचा एक खांदा हलला, मग दुसरा. त्या हसत होत्या. "आरं, फोटोवाला म्हनला हसू नगा, दात दिसत्याल. आनि मी मागनं अंगठा खुपसत हुते त्येंच्या मानंत. मुद्दाम. सकाळपास्नं माझ्याशी बोलत न्हवते, जिलबी घेऊन दिली न्हाई म्हनून मी भांडले हुते. म्हनलं, आता कसं बोलत न्हाई बगते... हसू दाबलंय त्ये. फोटो निघाला आनि आसं हसलं, आसं हसलं, इमान मोडायचं राहिलं."

सारंगला दोन पानी टिपण आठवलं. कोंडलेलं दुःख, आधुनिक माणसाचा एकांत, आणखी काय काय. ते सगळं खोटं ठरलं आणि त्याच वेळी, खरं सांगायचं तर, त्याला बरंही वाटलं.

"आजी, हात कसा होता ते दाखवाल? आमच्या आक्का आहेत, त्या हुबेहूब काढतील. तरुण हात, तेव्हा होता तसा."

"तरना कशाला? हात त्योच हाय की. आता जसा हाय तसा लाव."

"पण जोड दिसेल."

"दिसू दे की. मदी एवढी वर्सं गेली, ती काय लपनार हायत?"

सारंगनं कॅमेरा समोरच्या बांबूंच्या ढिगावर टेकवला, दहा सेकंदांचा टायमर लावला आणि बाईंच्या पुढ्यात खाली बसला. खांद्यावर चार बोटं टेकली. सुरकुतलेली, हळदीनं पिवळी, मधल्या बोटात तांब्याचं वेढं. नुसती ठेवलेली नव्हती आणि दाबलेलीही नव्हती. सायकल धरावी तशी धरली होती.

सात, आठ... आणि मानेत अंगठा घुसला.

त्यानं ओठ गच्च मिटले. कॅमेरा वाजला आणि मग तो हसत सुटला, बाईही हसल्या, बांबू रोवणारे गडी वळून बघायला लागले.

नंतर त्यानं कॅमेऱ्यात फोटो बघितला. पडद्यावर विमानातला माणूस बसला होता. चेहरा सारंगचा होता एवढंच.

गुरुवारी दुपारी तो आक्कांच्या टेबलाशी बसला. हाताचा फोटो त्यानं मापात बसवून, काळापांढरा करून आणला होता. एक नाही, तीन प्रती.

आक्कांनी प्रती मोजल्या. मग त्यांनी आपली लहान कात्री पुढं केली. त्या कात्रीला आठ महिन्यांत सारंगला कधी हात लावू दिला नव्हता.

"तुम्ही नाही करणार?"

"मला काय म्हाइती तिचा हात? तू बसलास त्येच्या खाली."

पहिली प्रत बिघडली. दुसरीत करंगळी गेली. तिसऱ्या वेळी बोटं कडेनं सुटून आली. आक्कांनी गड्याच्या पाठीला कागद दिला, बायकोचा तुकडा जवळ सरकवला. सारंगनं खळीचं बोट फिरवलं आणि म्हातारा हात तरण्या खांद्यावर ठेवला. खाच बरोबर झाकली गेली.

जोड लख्ख दिसत होता. मनगटापर्यंत वीस वर्षांची पोरगी आणि पुढं सत्तरीची बोटं. जुना फोटो तपकिरी, हात करडा. पण आता गड्याच्या मिटल्या तोंडाकडं बघितलं की बघणाऱ्याला आपसूक हसू येत होतं. बारक्या पोरानंही ओळखलं असतं हा का असा बसलाय ते.

दोघंही बघत बसले. गल्लीत कुणीतरी नव्या सतारीची तार पिळत होतं, चढवत होतं, पुन्हा उतरवत होतं.

"आक्का," सारंग हळूच म्हणाला, "पुण्यात त्या चित्रात आता माणसाच्या आकाराचं भोक आहे."

"ऱ्हाऊ दे."

"लोक विचारतील."

"सांग. न्ह्यायला आल्या हुत्या म्हन."

तो हसला. पण मग पुन्हा फोटोकडं बघता बघता त्याचे डोळे बदलले. आजवर शंभरेक कामं केली, पण असं हातून कधी झालं नव्हतं, हे त्याला कळत होतं. आक्कांनाही कळलं असावं, कारण त्यांनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला. हे काम उद्या एका खेड्यातल्या पाटावर जाईल, हळदीनं माखेल, मग भिंतीवर धूर खात राहील. कुणी केलं हे कुणाला कळणारसुद्धा नाही.

त्याचा हात सवयीनं खिशाकडं गेला. लाल रंगाचं पेन निघालं.

"अगदी बारीक करीन," तो म्हणाला. "कोपऱ्यात. नाहीतर मागच्या बाजूला. सही कुठं करू, आक्का?"

आक्का उठल्या. खळीच्या पातेल्यावर झाकण ठेवलं, फडकं पिळून दोरीवर टाकलं, मग टेबलाशी येऊन फोटोवर वाकल्या आणि खांद्यावरच्या बोटांकडं बोट केलं.

"तिनं केलीय की."